यांचे दहा हेवीवेट

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी गोविंदसिंग भाऊजी आले आणि चहा उकळायच्या आतच यांचं आणि त्यांचं भांडण जुंपलं. विषय नेहमीचाच. जगात आजवर झालेला सगळ्यात मोठा हेवीवेट बॉक्सर कोण? दोघं फौजेत एकाच पलटणीत होते आणि दोघंही बॉक्सिंग करायचे, हे हेवीवेटमध्ये, भाऊजी हलक्या वजनात. भाऊजी मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचे. आता जीप चालवतात आणि कारंज्याची सवारी मिळाली की आमच्याकडे येऊन हाच वाद उकरून काढतात. त्यांचं उत्तर पक्कं आहे, मोहम्मद अली. यांचं उत्तर काय ते लग्नाला सत्तावीस वर्षं होऊनही मला कळलेलं नाही. विचारलं की "तुले नाई समजत" म्हणतात.

पण आज बरं वाटलं. बँकेने घरी बसवल्यापासून हे कोणाशी इतकं बोललेच नव्हते. फौजेतून आल्यावर बारा वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. मग एक दिवस बंदूक काउंटरवर ठेवून चहा प्यायला निघून गेले, तर मॅनेजरने दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. माणूस आहे, एखाद वेळी विसरतो. मॅनेजरला हे आधीपासूनच खुपत असावेत असं माझं मत आहे.

वैभवी पुण्याहून फोनवर सगळं ऐकत होती. म्हणाली, "आई, यांचं भांडण मोबाईलवर काढ आणि युट्यूबवर टाक. लोक पाहतील." हे म्हणाले, "कोन पाह्यते आमाले?" पण संध्याकाळी आरशासमोर उभे राहून मिशी कातरत होते.

२१ सप्टेंबर, रविवार

चॅनेलचं नाव 'वऱ्हाडी ठोसा'. नाव भाऊजींनी ठेवलं. दर रविवारी एक बॉक्सर, दहापासून सुरू करून एकपर्यंत. क्रम हे लावणार आणि भाऊजी आडवे लागणार. मी मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला. मागे बाबासाहेबांची तसबीर दिसलीच पाहिजे हा यांचा हट्ट, म्हणून खुर्च्या दोनदा हलवल्या.

दहावा नंबर हॅरी विल्स. मी नाव ऐकलं नव्हतं, भाऊजींनीही नाही. शंभर वर्षांपूर्वीचा काळा बॉक्सर. इतका भारी की जगज्जेत्याशी त्याची लढत व्हावी म्हणून लोक वर्षानुवर्षं ओरडत होते, पण ती लढत कोणी होऊच दिली नाही.

भाऊजी म्हणाले, "अबे, जो लढलाच नाई त्याले दहात कायले घेतं?"

"त्याले लढूच नाई देल्लं. दोन गोष्टी येगळ्या हायेत," हे म्हणाले. वर म्हणतात, "बरंच झालं म्हना. मानूस शेवटलोक शाबूत राह्यला. घरं घेतली, भाड्यानं देल्ली, सुखानं मेला."

पाहणारे एकशे बारा. त्यातले निम्मे माझ्या कामरगावच्या शाळेतल्या मुलांचे पालक असणार.

२९ सप्टेंबर, सोमवार

कालचा नववा नंबर जो लुईस. बारा वर्षं जगज्जेता राहिला आणि यांनी त्याला नववा दिला! भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला. हे म्हणाले, म्हातारपणी तो एका मोठ्या हॉटेलच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हात मिळवायचा, डोकं ठिकाणावर नव्हतं, भलतेसलते भास व्हायचे. "जगाले मारलं त्यानं, अन् शेवटी दारात उभा," एवढंच बोलले.

मला हा शेवट आवडला नाही. प्रत्येक वेळी माणूस कसा मेला यावरच कशाला यायचं? व्हिडिओखाली एकाने लिहिलंही आहे, "काका, मयतीच्या गोष्टी काहून सांगता, फाईटचं सांगा." मी यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "त्याले म्हना, फाईट साऱ्याईले दिसते."

१३ ऑक्टोबर, सोमवार

काल गहजब झाला. गेल्या रविवारी आठवा फ्रेझर झाला, तो भाऊजींनी कसाबसा गिळला. काल यांनी सातव्या नंबरावर अली काढला.

भाऊजी खुर्चीतून उठले. "सातवा? रत्न, तुहं डोकं फिरलं का बे? अली सातवा असन तर मी चाललो."

"बस. अलीसारखा झाला नाई, होनार नाई. पन तो लय उशीरलोक लढला. थांबाले पाह्यजे होतं. त्याचे हात कसे हालत होते, पाह्यलं ना तू?"

"मंग काय झालं? सारं जग रडलं त्याच्यासाठी!"

"जगानं रडून का होते," हे म्हणाले.

भाऊजी खरंच उठून गेले, आणि ते जाताना दिसतात तेवढं वैभवीने तसंच ठेवलं. आता नऊ हजार लोकांनी पाहिलंय. यांना लोकांनी इतक्या शिव्या घातल्यात की मी वाचून दाखवणं बंद केलं. पण चॅनेल चाललं, हे खरं. मला वाटतं हे मुद्दाम उलटसुलट क्रम लावताहेत. विचारलं तर नुसते हसले.

एक गोष्ट लिहून ठेवते. बोलताना यांना मधेच शब्द सापडत नाहीत. 'दस्ताना' म्हणायचं होतं तर हात वर करून दाखवत राहिले. दाढेचं दुखणं असेल. दातांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

वैभवी सुट्टीत आली आहे. मी भाकरी टाकत असताना चुलीपाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, बाबांनी मला आज सकाळपासून तीनदा विचारलं, कधी आली म्हणून."

मी म्हणाले, "लाडानं विचारतात."

"आई, लाड नाहीये तो."

मला राग आला. वर्षातून दोनदा येते आणि बापाला नावं ठेवते. पण मग हे भाजी आणायला गेले ते चार वाजले तरी आले नाहीत. मी पायात चप्पल घालणार तेवढ्यात एक रिक्षावाला घेऊन आला. म्हणाला, "सर जुन्या बँकेपाशी हुभे होते, घंटाभरापासून." पिशवी रिकामीच होती. हे रागाने म्हणाले की बाजारात भाजी चांगली नव्हती.

नोकरी गेल्याचं दुःख आहे यांना. बँकेचं दार डोळ्यांसमोरून जात नाही. दुसरं काय असणार?

३ नोव्हेंबर, सोमवार

काल चौथा नंबर, जॉर्ज फोरमन. पंचेचाळीस वर्षांचा असताना त्याने पुन्हा जगज्जेतेपद कसं मिळवलं, ते यांनी फार रंगवून सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा, त्याच शब्दांत, हात तसाच वर करून. मला वाटलं, कीर्तनकार एकच ओवी पुन्हा पुन्हा घोळवतो तसं चाललंय.  अली सातवा म्हटल्यावर उठून जाणारे भाऊजी काल मान खाली घालून बसले होते. निघताना जीपपाशी मला म्हणाले, "वहिनी, याले नीट झोप येते ना?"

"येते की."

"डोकं दुखते म्हनते का?"

मी म्हणाले, तुमचं तरी कधी दुखत नाही का? ते जीपमध्ये बसले, पण चावी फिरवायला वेळ लावला.

५ नोव्हेंबर, बुधवार

कोणीतरी त्या तीन वेळच्या गोष्टीचा तुकडा कापून त्यावर ढोलकी घातली आहे. खाली लिहिलंय, "ठोसा काका फुल टाईट." शाळेत मधल्या सुट्टीत दोन शिक्षक मोबाईलवर पाहून हसत होते. मला पाहिल्यावर मोबाईल खिशात टाकला.

यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. मी तसं खाली लिहिलं. त्यावर कोणी हसणारी तोंडं टाकली, कोणी लिहिलं, "काकू बी टाईट." वैभवीने आमचा मूळ व्हिडिओ काढून टाकला. पण कापलेला तुकडा काढता येत नाही म्हणे. तो आता सगळ्यांचा झाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिहू की नको, असं दिवसभर चाललं होतं.

काल दिवेलागणीला मी यांच्या मागून खोलीत गेले, नुसतं खांद्यावर हात ठेवला. हे गर्रकन वळले आणि ठोसा मारला. माझ्या कानाजवळून गेला. कपाटाचा आरसा फुटला. बोटांतून रक्त आलं.  यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं, मग खाली बसले आणि लहान पोरासारखं रडायला लागले. "रूपा, मागून येत नको जाऊ. हात जोडतो तुले. मागून येत नको जाऊ."

मी पट्टी बांधली. काचा वेचल्या. वैभवीला सांगितलं की आरसा पडून फुटला. खोटं का बोलले, मला माहीत नाही. सत्तावीस वर्षांत या माणसाने माझ्यावर हात उगारला नव्हता. रागाची औषधं मिळतात का, ते कोणाला तरी विचारायला हवं.

आता खोलीत जाताना मी दारातूनच बोलत बोलत जाते.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज एक नंबर झाला. तिसरा मार्सियानो आणि दुसरा लेनॉक्स लुईस असे दोन भाग मी पाठ करून घेऊनच काढले होते. रोज संध्याकाळी आम्ही बसायचो, मी विचारायची आणि हे सांगायचे, वर्गात परीक्षेच्या आधी करतो तसं. एकदा तर यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "रूपा, मी तुह्या वर्गातला नाई." तरी पाठ केलं.

पण आजच्या भागाला यांनी मला काही सांगू दिलं नाही. भाऊजींनी विचारलं, "बोल रत्न, एक नंबर कोन?"

"जीन टनी."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. जणू मीच काही केलं असावं.

मग हे बोलले. कितीतरी दिवसांनी इतकं सरळ बोलले. टनी हा जो लुईसच्याही आधीचा जगज्जेता. त्या काळचा सगळ्यात धडकी भरवणारा बॉक्सर डेम्प्सी, त्याला त्याने दोनदा हरवलं. एकदा सरावात डोक्यावर असा मार बसला की दोन दिवस तो कोण, कुठला, हेही त्याला धड आठवेना. तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं की आता पुरे. पुढच्या लढती जिंकला आणि जगज्जेता असतानाच हातमोजे काढून ठेवले. "घरी गेला. लेकरं वाढवली. पुस्तकं वाचली, म्हातारा होईलोक. आपलं नाव काय, बायकोचं नाव काय, सारं ठाऊक होतं त्याले शेवटलोक." मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "याच्याहून मोठा कोन असन, सांगा."

एकदाही अडखळले नाहीत. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. माणूस सुधारतोय.

भाऊजी मात्र बाहेर येऊन म्हणाले, "अली सातवा, अन् टनी एक नंबर. वहिनी, लोक चपला मारतीन. त्याले अकोल्याले दाखवा. माह्यासंगं चला, जीप हाय."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. मी, हे आणि भाऊजी. मशीनमध्ये घालून डोक्याचा फोटो काढला. मग डॉक्टरांनी यांना बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं.

शंभर टक्के खात्रीने सांगता येत नाही म्हणाले, पण वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाल्लेल्या बॉक्सरांमध्ये दिसतं, तसंच हे आहे. मी विचारलं, कोणता मार? फौजेत असताना एका अंतिम सामन्यात खाली पडले होते, तो का? डॉक्टर म्हणाले, एखादा असा नसतो, बाई. सरावातले छोटे छोटे शेकडो. ज्यांना मार म्हणून कोणी मोजतही नाही.

औषध? झोपेचं आहे, चिडचिडीचं आहे. या आजाराचं नाही.

मग डॉक्टरांनी कागद चाळता चाळता सहज म्हटलं, "मी त्यांना जूनमध्येच सांगितलं होतं, पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या."

जूनमध्ये! हे एकटेच येऊन गेले होते. मला म्हणाले होते, पेन्शनच्या कामाला वाशिमला जातो. मी विचारलं, तेव्हा काय म्हणाले हे? डॉक्टरांना आठवत होतं. "एवढंच विचारलं, आणखी किती दिवस मला सगळं नीट समजेल? मी म्हटलं, सांगता येत नाही. मग म्हणाले, ठीक आहे, तेवढ्यात एक काम करून घेतो."

कोणतं काम, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. मलाही नाही. घराचे कागद तर केव्हाचेच माझ्या नावावर आहेत, वैभवीचं शिक्षणही झालं. जूनपासून तर यांनी चॅनेलशिवाय दुसरं काही केलेलं नाही. मला राग आला, खूप राग आला. मला सांगितलं असतं तर मी लवकर काहीतरी केलं असतं. काय केलं असतं, ते सुचत नाही, पण केलं असतं.

परत येताना भाऊजी मधेच जीप बाजूला घेऊन खाली उतरले आणि कपाशीच्या पऱ्हाटीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ. हे म्हणाले, "गोविंदाले पोटाचा तरास हाय लहानपनापासून."

१४ डिसेंबर, रविवार

हे आता फार बोलत नाहीत. भाऊजी आज आले, यांच्यासमोर बसले, अली-अली करून चिडवून पाहिलं. हे नुसते बघत राहिले. मग भाऊजी उठले, अंगणात गेले आणि हात वर करून उभे राहिले. हेही उठले.

काय सांगू! माणसाला चमच्याने वरण खाताना ताट सापडत नाही, पण पाय कसे पडत होते! डावा पुढे, उजवा मागे, हनुवटी खाली. भाऊजींच्या तळहातांवर टपटप ठोसे, हलके, बरोबर मधोमध. भाऊजी रडत होते आणि म्हणत होते, "शाब्बास रत्न, शाब्बास." मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, हे तरी राहू द्या यांच्याजवळ.

मग भाऊजी थकले. "बस झालं" म्हणाले. हे थांबेनात. ठोसे जोरात यायला लागले. भाऊजींनी तोंडासमोर हात धरले, मागे सरत सरत तुळशीच्या... नाही, आमच्याकडे तुळस कुठली, पाण्याच्या टाकीला जाऊन टेकले. मी "अहो, अहो" करत होते, पण मध्ये जायची माझी छाती होईना. भाऊजी ओरडले, "वहिनी, टाईम म्हना! टाईम!"

मी ओरडले, "टाईम!"

हात खाली आले. त्याच क्षणी. हे वळले, खुर्चीपर्यंत चालत आले, बसले आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलं. मला कळेना. भाऊजी धापा टाकत म्हणाले, "दाताचं रबर काढून घ्या म्हनते. नाटक करा."

मी बोटांनी काहीच नसलेलं ते काढून घेतलं आणि पाणी पाजलं.

२ जानेवारी, शुक्रवार

जेवताना ताट भिरकावलं तेव्हा 'टाईम' म्हटलं, थांबले. शेजारच्या मारोतरावांच्या अंगावर धावून गेले तेव्हाही थांबले. वैभवी म्हणते, नोकरी सोडून येते. मी नको म्हटलं. ती येऊन काय करणार, आणि मी तरी काय करतेय? एक शब्द म्हणते.

शाळेत दोन महिन्यांची रजा टाकली आहे.

लोक अजून खाली लिहितात. "टनी कोन बे?" "काका अलीची माफी मागा." एकाने लिहिलंय की तो आधी बॉक्सिंग करायचा, त्याने हा शेवटचा भाग पाहिला आणि सोडलं. खाली धन्यवाद लिहिलंय. धन्यवाद कशाचे, मला समजलं नाही. यांना वाचून दाखवलं, तर यांनी मोबाईल हातात घेतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि उशीखाली ठेवला.

१० जानेवारी, शनिवार

दुपारी मी कपडे वाळत घालत होते तेवढ्यात हे निघून गेले. कडी लावली होती, ती कशी काढली कोण जाणे. मारोतरावांनी सांगितलं, बसस्थानकाकडे गेले. मी तशीच पळाले.

बसस्थानकात गर्दीचा गोल झाला होता आणि गोलाच्या मधे हे. शर्ट काढलेला. हात वर. समोर कोणी नाही. सगळ्यांचे मोबाईल वर. "ठोसा काका! मार, काका, मार!" कोणीतरी तोंडाने घंटीचा आवाज काढत होता, आणि तो आवाज आला की हे पुन्हा सुरू करत होते. घामाने निथळत होते. ओठ पांढरे पडले होते. किती वेळ चाललं होतं ते देव जाणे, मी देवाला मानत नाही तरी.

मी लोकांना ढकलत आत गेले. समोरून गेले, मागून नाही. "टाईम!" म्हणाले. गलक्यात ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा ओरडले, शाळेत मैदानावर ओरडते तसं. हे थांबले. मला पाहून हात खाली आले. गोलातला एक पोरगा म्हणाला, "ओ काकू, अजून एक राउंड होऊ द्या ना." मी त्याच्याकडे पाहिलं.  मी खाली पडलेला शर्ट उचलला, झटकला आणि यांना घातला. एकेक करून बटणं लावली. लोक ते पण काढत होते.

आम्ही पायी निघालो. यांनी माझा दंड धरला होता.  भाजीबाजारापाशी माझ्या कानाशी वाकून, जसं कोपऱ्यातल्या आपल्या माणसाला विचारावं तसं, हळूच विचारलं, "किती राउंड राह्यले?"

मला काय माहीत? डॉक्टरांनाही माहीत नाही. मी म्हणाले, "थोडेच."

बोलून गेल्यावर माझं मलाच भ्याव वाटलं, की हे मी कोणासाठी म्हणाले.

यांनी मान हलवली. "मंग तेवढे राउंड काढून टाकतो," म्हणाले, आणि माझा दंड आणखी घट्ट धरून चालू लागले.